ऐंशीला एक कमी

नाक्याच्या थोडं अलीकडे, टायरवाल्याच्या दुकानाला पाठ लावून, एक खोली आहे. खिडकीवर पाटी आहे: 'परराज्यातील मालवाहू गाड्यांना तात्पुरते परवाने काढून मिळतील.' पाटी रंगवणाऱ्याचा 'तात्पुरते' हा शब्द आधी राहून गेला, मग त्याने तो वरच्या फटीत मुंगीएवढ्या अक्षरांत कोंबला. त्यामुळे रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटतं, इथे एकदा परवाना काढला की जन्माची सोय झाली. आत्याला हे ठाऊक होतं, तरी तिने पाटी बदलली नाही. ती म्हणायची, "जवळ आलं की दिसतंच की सगळ्यांना."

खरं तर ती एकीचीच आत्या. भावाची मुलगी लहान असताना शाळा सुटली की या खोलीत टेबलाखाली बसून चित्रं काढायची आणि दर थोड्या वेळाने 'आत्या, आत्या' करायची. खिडकीबाहेरच्या ड्रायव्हरांनी तेवढंच उचललं. आता नातवंडं असलेले बाप्येही तिला आत्या म्हणत. नाक्यावरचे चष्मेवाले साहेबही आत्याच म्हणत, कागदावर मात्र 'अर्जदार' लिहीत.

काम समजायला सोपं होतं. एका राज्यातली गाडी माल घेऊन दुसऱ्या राज्यात शिरायची, तर थोड्या दिवसांचा परवाना लागतो. गाडीचा नंबर, माल, कुठून कुठे, किती दिवस. नाक्यावर येऊन अर्ज करत बसलं तर अर्धा दिवस मोडतो. म्हणून जाणते ड्रायव्हर आधीच, वाटेतूनच, आत्याला फोन करायचे. ती कॉम्प्युटरवर अर्ज भरायची, पलीकडून साहेब मंजूर करायचे आणि गाडी खिडकीसमोर येईपर्यंत कागद छापून तयार असायचा. घाईतला ड्रायव्हर तर गाडी थांबवतही नसे. वेग कमी करून केबिनमधून हात बाहेर काढायचा, आत्या खिडकीतून कागद त्या हातात द्यायची आणि हात पुढे निघून जायचा.

आवाज आधी यायचा, गाडी मागून. या मधल्या वेळात आत्याचं खरं आयुष्य होतं. फोन ठेवला की तिच्या डोळ्यांसमोर ती न पाहिलेली गाडी चालू लागायची. घोगऱ्या आवाजाची गाडी तिला गडद रंगाची दिसायची, बोलताना मध्येच जांभई देणाऱ्याची गाडी धुक्यातून यायची. समोर आल्यावर रंग भलताच निघायचा. पण तोवर तिने एक गाडी मनात इतकी पुढे नेलेली असायची, की खरी गाडीच तिला थोडी खोटी वाटायची.

भाची आता मोठी झाली होती. जवळच्या शाळेच्या कचेरीत कारकून होती. दुपारी दोघींचा डबा घेऊन यायची आणि रोज एकच वाद घालायची.

"आत्या, नंबर फोनवर कशाला विचारतेस? फोटो मागव ना पाटीचा. क्लिक केलं की आला."

"फोटोत माणूस कळत नाही."

"माणूस कशाला कळायला हवाय तुला? परवाना गाडीचा आहे."

"गाडी काय आपली आपण येते का इथपर्यंत?"

"तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही," म्हणून भाची डब्याचं झाकण उघडायची. वाद तिथे संपायचा आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे चालू व्हायचा.

भाचीला एक गोष्ट माहीत नव्हती. कुणालाच नव्हती. वर्षभरापूर्वी आत्याच्या डाव्या कानात एक गाडी येऊन उभी राहिली होती. पहिल्या दिवशी आत्याला वाटलं, बाहेर कुणीतरी इंजिन चालू ठेवून चहाला गेलंय. तिने खिडकी उघडून "अरे, बंद करा ती गाडी" असं म्हटलंसुद्धा. बाहेर टायरवाला एकटाच बसला होता. तो म्हणाला, "कुठली गाडी, आत्या?" आत्या "काही नाही" म्हणाली आणि तिने खिडकी लावून घेतली. तेव्हापासून ती घरघर तशीच होती, आणि तिच्या मागे जग दूर दूर चाललं होतं. या कानाने ऐकून त्या कानाने सोडून द्यायची सोय आत्याला उरली नव्हती. त्या कानाचं दार आतून लागलं होतं.

तिने फोन उजव्या कानाला लावायला सुरुवात केली, आणि एक नियम केला. नंबर एकेक आकडा करून परत वाचून दाखवायचा. ड्रायव्हर बहुतेक तसाच सांगायचे: चार, दोन, सात, नऊ. तिने परत म्हणायचं, त्यांनी "हो" म्हणायचं. एवढ्यावर वर्ष निभावलं.

त्या दिवशी ऊन पांढरं होतं. डबा अजून यायचा होता, रस्ता रिकामा होता, आणि आत्या खुर्चीत जरा कलंडली होती. फोन वाजला. सवय कानापेक्षा जुनी असते. तिने तो डाव्या हाताने उचलला आणि डाव्या कानाला लावला.

"आत्या ना? एका ड्रायव्हरने नंबर दिला तुमचा. मला थांबून चालणार नाही, म्हणून आधीच करतोय."

आवाज तरुण होता आणि खूप लांबून येत होता. आणि त्याच्या मागे कसला तरी दुसरा आवाज होता, मोठ्या खोलीत कुणी चादरी झटकत असावं तसा.

"माल काय आहे, बाबा?"

"मासे."

"बर्फातले?"

"जिवंत. बोटाएवढे आहेत. तलावात सोडायचेत, तुमच्या बाजूच्या. मागे ताडपत्रीची टाकी केलीय, उघडी. गाडी चालली की पाणी हिंदकळतं, हिंदकळलं की त्यात हवा शिरते. थांबलो की पाणी थांबतं आणि हे गुदमरायला लागतात. बायकोने आणि मी वर्षभर वाढवलेत. पहिलीच खेप आहे. ही गेली तर पुन्हा अंड्यांपासून सुरुवात."

"नाही थांबायचास. नंबर सांग."

त्याने आधीची अक्षरं सांगितली आणि मग म्हणाला, "बेचाळीस एकोणऐंशी."

असा जोडून नंबर हल्ली कुणी सांगत नाही. आत्याचे वडील तसे म्हणायचे. ते गाड्यांच्या वजनकाट्यावर कामाला होते. काट्यामागच्या खोलीत आत्याचं लहानपण गेलं. दुपारी ती चटईवर पडलेली असायची आणि बाहेर वडील कारकुनाला वजनं ओरडून सांगायचे, आणि ते आकडे ऐकत तिला झोप लागायची. एकदा त्यांनी तिला सांगितलं होतं, "एकोणऐंशी बिचारा. त्याला स्वतःचं नावसुद्धा नाही. ऐंशीला एक कमी, एवढीच त्याची ओळख. शेजाऱ्याच्या नावावर जगतो." त्यावर तिने विचारलं होतं, "आणि शेजारी त्याला ओळखतो का?" वडील हसले होते, आणि तेवढ्यात पुढची गाडी काट्यावर चढली होती.

ते सगळं त्या दोन शब्दांबरोबर खोलीत आलं. कानातल्या घरघरीतून ऐंशीच्या आसपासचं काहीतरी पोचलं होतं; आत्याची बोटं ते टाइप करत होती, पण ती स्वतः चटईवर होती. परत वाचून दाखवायचं राहून गेलं. "ये," एवढंच ती म्हणाली आणि तिने फोन ठेवला. मनात एक गाडी निघाली, हिरवट, पाठीवर तळं घेतलेली. तळ्यात ढग होते आणि ढगांखालून बोटाएवढे मासे चालले होते.

खरी गाडी आली ती मातकट होती. तिच्या फळ्यांमधून पाणी ठिबकत होतं आणि मागे रस्त्यावर ओली रेघ उमटत होती. केबिनमधून हात बाहेर आला, आत्याने कागद दिला, हात पुढे गेला. आत्या ती रेघ सुकताना बघत बसली.

थोड्या वेळाने कानातली घरघर वाढल्यासारखी वाटली. तिने दुर्लक्ष केलं. मग सहज नाक्याकडे नजर गेली. आडव्या दांडीपलीकडे तपासणीचं मोठं आवार होतं, आणि त्या आवारात ती मातकट गाडी गोल गोल फिरत होती. वजनाच्या शेडला वळसा, झाडाला वळसा, साहेबांच्या खिडकीसमोरून पुन्हा शेडकडे. दांडीवाला मधोमध उभा राहून हात हलवत होता. थांब म्हणत होता की फिर म्हणत होता, कळत नव्हतं.

फोन वाजला. या वेळी आत्याने तो उजव्या कानाला लावला.

"आत्या, कागदावर एक्याऐंशी छापलंय. माझी एकोणऐंशी आहे. हे सोडत नाहीत. आणि मला थांबता येत नाही, म्हणून फिरतोय." श्वास घेऊन तो म्हणाला, "मीच नीट बोललो नसेन. त्या वेळी खड्डे होते."

आत्याने कॉम्प्युटरकडे पाहिलं. बेचाळीस एक्याऐंशी. तिच्याच बोटांनी. तिने चपला घातल्या, आणि खोलीला कुलूप न लावता ती नाक्याकडे चालू लागली.

साहेबांचा टेबलफॅन साहेबांपेक्षा फायलींनाच जास्त वारा घालत होता. त्यांनी चष्मा कपाळावर नेला. "आत्या, हे काय लफडं आहे?"

"नंबर चुकलाय. जुना परवाना रद्द करा आणि नवा द्या. लगेच द्या, साहेब. गाडीत जीव आहेत."

"बघतोय ना. त्याचं फिरणं बघून मला गरगरायला लागलंय." साहेबांनी कॉम्प्युटर स्वतःकडे वळवला. "रद्द करायला कारण टाकावं लागतं. दोनच आहेत. 'चालकाने चुकीची माहिती दिली', नाहीतर 'अर्जदाराची चूक'. पहिलं टाकलं की गाडी तपासणीला लागते, उद्या सुटेल. दुसरं टाकलं की तुमची नोंदणी चौकशीला वर जाते."

"तिसरं नाही का एखादं?"

"तिसरं असतं तर मीच आयुष्यभर तेच वापरलं असतं." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "तो स्वतःच म्हणतोय चूक त्याची म्हणून. त्याचं टाकतो. तुमची खिडकी कशाला पणाला लावायची? मासेच आहेत शेवटी."

बाहेरून गाडी खिडकीसमोर आली. मागचं पाणी फळीवर आदळून उसळलं, काही थेंब उन्हात चमकले, आणि गाडी पुढे गेली. एक लहान मासा सिमेंटवर पडला होता. दांडीवाल्याने तो ओंजळीत उचलला आणि तो गाडीमागे पळत सुटला.

"माझी चूक टाका," आत्या म्हणाली.

"बरं, टायपिंगची टाकू?" पण साहेबांचं बोट अडलं. "नाही चालायचं. एक आकडा चुकला तर टायपिंग म्हणतात. इथे सात-नऊचे आठ-एक झालेत, दोन्ही. वरचे म्हणतील, ही दुसरीच गाडी आहे. ड्रायव्हर एकीच्या कागदावर दुसरी घुसवत होता."

"कागदावर ते लांब आहेत, साहेब. कानात शेजारी आहेत. म्हणून बघा ना."

साहेबांनी म्हणून पाहिलं. "एकोणऐंशी. एक्याऐंशी." मग पुन्हा, हळू, "एकोणऐंशी, एक्याऐंशी." कोपऱ्यातला कारकूनही ओठ हलवू लागला. ऐंशीच्या अलीकडे एक, पलीकडे एक, मध्ये जेमतेम एका दांडीचं अंतर.

"आहेत खरे जवळ," साहेब म्हणाले. "पण आत्या, हे आकडे सगळं जग रोज ऐकतं. फरक कळतो लोकांना."

पंखा मान फिरवून भिंतीकडे गेला. फायली निवांत झाल्या.

"मला कळत नाही," आत्या म्हणाली. "डाव्या कानाने ऐकू येत नाही मला. वर्ष झालं. तेच लिहा."

साहेबांनी चष्मा डोळ्यांवर आणला आणि तिच्याकडे असं पाहिलं, जणू कान चेहऱ्यावर समोर असतात. "हे लिहिलं तर काय होईल, माहितेय ना? तुमचं काम सगळं फोनवर."

"लिहा. गाडी फिरतेय."

त्यांनी लिहिलं. कळ दाबली. जुना परवाना रद्द झाला, नव्याची चौकट उघडली आणि, एकदा रद्द झालं की लागतो तसा, खात्रीचा एक आकडा कॉम्प्युटरने चालकाच्या मोबाइलवर पाठवला. तो इथे भरल्याशिवाय पुढचं काही होणार नव्हतं. आत्याने फोन लावला. ड्रायव्हरने उचलला नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर होते त्याचे, वळण संपता संपत नव्हतं.

मग आत्या आवारात गेली. गाडी शेडला वळसा घालून येत होती. तिने हात केला, तसा वेग इतका कमी झाला की चाकावरची माती मोजता आली असती. दार उघडलं. दांडीवाल्याने मागून आधार दिला, ड्रायव्हरने वरून हात दिला. हा तोच हात, तिने मघाशी कागद दिलेला. जन्मभर हजारो गाड्यांना वाट करून देणारी आत्या पहिल्यांदा एका गाडीत चढली.

"मोबाइल कुठाय?"

"सीटवर. आत्या, तुम्ही कशाला आलात? पडला असता म्हणजे?"

"पुढे बघ."

केबिन उंच होती. तिथून तिची खोली काड्यापेटीएवढी दिसत होती, आणि 'तात्पुरते' हा शब्द मुळीच दिसत नव्हता. गाडी साहेबांच्या खिडकीसमोर आली. आत्याने बाहेर वाकून आकडा ओरडून सांगितला, एकेक करून.

"काय?" साहेब ओरडले.

गाडी पुढे गेली. पुन्हा शेड, पुन्हा झाड. पुढच्या फेरीला तिने पुन्हा सांगितलं. साहेबांनी या वेळी कानामागे हात धरला होता. "शेवटचे काय म्हणालात? पाच की सात?"

ड्रायव्हरला हसू आलं. ते त्याने दाबायचा प्रयत्न केला आणि मग दोघांनाही आवरेना. वळणावर हसत हसत आत्याने डोळे मिटले. मागे पाणी या भिंतीवरून त्या भिंतीवर जात होतं. त्याचा आवाज जमिनीतून, सीटमधून, हाडांतून वर येत होता. डाव्या कानातली घरघर आणि हे पाणी कधी एक झालं, तिला कळलं नाही. वर्षभर कानात उभी असलेली ती गाडी चालायला लागली होती, एवढंच तिला जाणवलं. तिच्यात काय भरलंय, तेही आता माहीत झालं होतं.

तिसऱ्या फेरीला साहेबांनी अंगठा वर केला. कारकून कागद घेऊन पळत बाहेर आला आणि आत्याने तो चालत्या गाडीतूनच घेतला. आवाराच्या दुसऱ्या टोकाची दांडी वर गेली. दांडीपलीकडे वेग कमी झाला तशी ती उतरली.

"आत्या, तुमचं काही होणार नाही ना यात?" ड्रायव्हरने विचारलं.

"जा तू. पाणी थांबेल."

ती दांडीखालून परत चालत आली. चालत येणाऱ्याला परवाना लागत नाही. भाची डबा घेऊन उघड्या खोलीच्या दारात उभी होती. सगळं ऐकल्यावर तिने डब्याचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं.

"वर्षभर? आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू म्हणाली असतीस, फोटो मागव."

"म्हणालेच असते." भाचीचे डोळे भरले होते, म्हणून ती जास्तच रागावून बोलत होती. "जेव आता. आणि इकडे बस, माझ्या डावीकडे. उजवा कान माझ्या बाजूला येऊ दे."

चौकशीचं पत्र आलं. शहरात कान तपासून घ्यायला सांगितलं होतं. भाची बरोबर गेली. काचेच्या बंद खोलीत आत्याला बसवलं, कानांवर जाड हेडफोन चढवले, हातात बटण दिलं. आवाज आला की दाबायचं. आत्या दाबत राहिली. थोड्या वेळाने तपासणारी मुलगी आत आली. "आजी, आत्ता तर काहीच वाजत नव्हतं."

"तुमच्याकडे नसेल," आत्या म्हणाली.

निकाल यायला वेळ लागला. तेवढे दिवस खोली बंद होती. गाड्या पूर्वीसारख्या रांगेत उभ्या राहत, आणि आत्या भावाच्या घरी बसून फोनकडे बघायची. मग निकाल आला. नोंदणी राहिली, पण अट घालून: गाडीचा नंबर यापुढे फोनवर ऐकून घ्यायचा नाही, लिहून किंवा फोटोतच घ्यायचा. भाचीने पाटीखाली दुसरी पाटी लावली. तिच्यातली सगळी अक्षरं एकाच मापाची होती.

आता गाड्यांच्या नंबरपाट्यांचे फोटो येतात. चिखलाने माखलेले, तिरके, बोट मध्ये आलेले. आत्या आकडे बघून भरते आणि चूक होत नाही. गाडी समोर येईपर्यंत मनात काही चालत नाही. ड्रायव्हरांनी मात्र गोष्ट उचलली आहे. कागद हातात पडला की एखादा हमखास विचारतो, "आत्या, ऐंशीच्या अलीकडची आहे की पलीकडची?" टायरवालाही हसतो. आत्या म्हणते, "पुढे हो, मागच्याला वाट दे."

खोली पुन्हा उघडल्यावर काही दिवसांनी संध्याकाळी फोन वाजला. त्याच्या आधी फोटो आला नव्हता.

"आत्या, मी. बेचाळीस." तो थांबला. "सात, नऊ."

"कळलं रे. परवाना हवाय का?"

"नाही. तलावावर उभा आहे. बघायला आलो होतो."

"जगले का?"

"मोजता येत नाहीत आता. पण संध्याकाळी सगळे वर येतात. थांबा, फोन पाण्याजवळ धरतो. ऐका."

आत्याने फोन उजव्या कानावरून काढला. क्षणभर तो हातातच राहिला. मग तिने तो डाव्या कानाला लावला आणि डोळे मिटले.

"येतंय का ऐकू?" खूप लांबून त्याने विचारलं.

"येतंय," आत्या म्हणाली.